थांबू की घेऊ? टॅबलेटवाल्या वाचकांचे प्रश्न

दिवाळीचे सेल संपले, बोनस बँकेत पडून आहे, आणि तरी टॅबलेट काही घेतला नाही असे वाचक ह्या वेळी भरपूर दिसतायत. कारण सगळ्यांचं एकच, नवीन येतोय म्हणे. कोणता येतोय, नाव काय असेल, स्क्रीन किती शार्प असेल, आत्ता घेतला तर पस्तावू का, निम्मी पत्रं ह्यावरच आहेत. म्हणून आज फक्त टॅबलेट. वायफाय राउटरवाल्यांनी प्लीज रागावू नका, तुमचं पुढच्या अंकात.

प्रश्न: आयपॅड मिनी घ्यायचाय, पैसे साठवून झालेत. पण ज्याला विचारावं तो म्हणतो थांब, ओएलईडीवाला मिनी येतोय, त्याची स्क्रीन एकदम शार्प असणार. खरंच थांबू का?
– वाट बघून कंटाळलेला, सोलापूर

उत्तर: दादा, तुम्हाला सल्ला देणाऱ्यांनी दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलीये. ओएलईडी हा स्क्रीनचा प्रकार झाला आणि शार्पनेस म्हणजे पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचे बारीक ठिपके, किती दाटीवाटीनं बसवलेत ते, ह्या दोघांचा एकमेकांशी फार संबंध नाही. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतःचा उजेड स्वतः देतो, मागे बॅकलाइट नसतो, त्यामुळं काळा रंग दाखवायचा तर तो पिक्सेल सरळ बंदच होतो आणि रात्री लाइट घालवून सिनेमा बघताना वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या राखाडी दिसत नाहीत. फरक मोठाय, मी नाही म्हणत नाही. पण अक्षरांचं काय? मे २०२४ मध्ये आयपॅड प्रोला ओएलईडी आली, एकावर एक दोन थर असलेली, भरपूर प्रखर, आणि पिक्सेल किती तर एका इंचात २६४, म्हणजे २६४ पीपीआय. त्याच्या आधीच्या प्रोला किती होते? २६४. ऑक्टोबर २०२५ मध्ये एम५ चिपवाला आला त्याला? २६४.

हा आकडा मार्च २०१२ चा आहे. पहिल्या दोन आयपॅडना ९.७ इंचात १०२४ बाय ७६८ पिक्सेल होते, म्हणजे १३२ पीपीआय, आणि तिसऱ्याला दोन्ही बाजूंनी बरोब्बर दुप्पट केले, २०४८ बाय १५३६, म्हणजे एकूण चौपट, ३१ लाखांच्या वर, जेव्हा घरातल्या फुल एचडी टीव्हीलासुद्धा साधारण २१ लाखच असायचे. बरोब्बर दुप्पटच का, दीडपट का नाही, तर जुनी ॲप्स मोडू नयेत म्हणून. जिथं एक पिक्सेल होता तिथं चार बसवले की जुन्या ॲपचं बटण आहे त्याच जागी, त्याच मापाचं राहतं. तेव्हापासून तेराच्या वर वर्षं झाली, प्रो आले, एअर आले, १३ इंची आले, मोठ्या आयपॅडचा आकडा तसूभर हललेला नाही. मिनीचंही तेच, २०१२ च्या पहिल्या मिनीला १६३, २०१३ मध्ये ३२६, आणि २०२१ मध्ये स्क्रीन ७.९ ची ८.३ इंच केली तेव्हा पिक्सेलही त्याच मापात वाढवले आणि दाटी ठेवली ३२६ च.

का हलत नाही, त्याचं कारण आपल्या डोळ्यात आहे. चांगल्या नजरेच्या माणसाला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं अंतर वेगळं ओळखू येतं असं धरतात, चष्म्याच्या डॉक्टरकडची ६/६ नजर ती हीच. गणित केलं तर ४० सेंटीमीटरवर धरलेल्या टॅबलेटला साधारण २१८ पीपीआय झाले की पिक्सेल दिसेनासे होतात, ३० सेंटीमीटरवर आणला तर २९० च्या आसपास लागतात. जून २०१० मध्ये आयफोन ४ दाखवताना स्टीव्ह जॉब्सनं तीनशेचा आकडा सांगितला तो ह्याच हिशोबानं, फोन आपण १०-१२ इंचावर धरतो म्हणून. मिनी लोक फोनसारखा जवळ धरतात, म्हणून त्याला ३२६, मोठा मांडीवर नाहीतर टेबलावर असतो, त्याला २६४ पुरतात. त्याच्या पुढं पिक्सेल वाढवले तर डोळ्याला कळत नाही पण बॅटरीला बरोबर कळतं.

तेव्हा मिनीला ओएलईडी आली तरी ती आहे त्याहून शार्प असेल असं मला काडीचंही वाटत नाही. ब्लूमबर्गच्या बातमीप्रमाणे ओएलईडी मिनीवर काम चालूये, पाण्यापासून बचावाचाही विचार आहे आणि किंमत शंभर डॉलरपर्यंत वाढू शकते. अमेरिकेत ४९९ डॉलरला असलेला मिनी आपल्याकडे ४९,९०० ला आहे, त्यामुळं नवा साठ हजाराला टेकला तर आश्चर्य नको. तुम्ही पत्रात लिहिलंय की वाचायला आणि साइटवर ड्रॉइंग बघायला पाहिजे, मग आत्ता घेऊन टाका. रात्री अंथरुणात पडून वेबसिरीज हा मुख्य कार्यक्रम असता तर म्हटलं असतं थांबा.

प्रश्न: दुकानात "आयपॅड ११ द्या" म्हटलं तर तो मुलगा विचारतो अकरावा की अकरा इंची? मी म्हटलं दोन्हीत फरक काय, तर त्यालाही नीट सांगता येईना. ही नावं ठेवतं तरी कोण? पुढच्याचं नाव काय असेल?
– गोंधळलेली, नाशिक

उत्तर: ताई, त्या मुलाची काही चूक नाही. साधा आयपॅड, मार्च २०२५ मध्ये आला तो, पिढीनं अकरावा आहे आणि कंपनी त्याची स्क्रीनही अकरा इंची म्हणते. त्यात एअर ११ इंची मिळतो आणि प्रो पण ११ इंची मिळतो. म्हणजे काउंटरवर "आयपॅड ११" म्हटलं तर २०२५ च्या किमतींनी ३४,९०० चा, ५९,९०० चा आणि ९९,९०० चा असे तिन्ही समोर येऊ शकतात!

ही गंमत जुनी आहे. २०१० ला आयपॅड, २०११ ला आयपॅड २, इथवर सरळ होतं. २०१२ च्या सुरुवातीला निम्मी दुनिया म्हणत होती आयपॅड ३ येणार, निम्मी म्हणत होती स्क्रीन इतकी शार्प आहे तर आयपॅड एचडी असणार, पैजा लागल्या होत्या, आणि ७ मार्चला ॲपलनं स्टेजवर त्याला म्हटलं नुसतं "नवा आयपॅड". आकडा नाही, एचडी नाही, काही नाही. आणि सातच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, त्याच्याही पुढचा काढला. म्हणजे ज्यानं एप्रिलमध्ये आपल्याकडे "नवा आयपॅड" घेतला त्याचा दिवाळीपर्यंत जुना झाला, नावात मात्र नवाच! पुढं २०१३ ला एअर, २०१४ ला एअर २, मग २०१७ मध्ये पुन्हा नुसता आयपॅड.

त्या "एअर"चं तर बोलूच नका. १३ इंची एअर ६.१ मिलिमीटर जाडीचा आणि ६०० ग्रॅमच्या वर, १३ इंची प्रो ५.१ मिलिमीटर आणि ५७९ ग्रॅम. हवा कुणाच्या नावात आणि हलका कोण. प्रो तर एम२ वरून थेट एम४ वर गेला, मधला एम३ प्रोच्या नशिबातच नव्हता, तो एअरला मिळाला.

सध्याची पद्धत अशी की नाव तेच ठेवायचं आणि चिपचं नाव मागे लावायचं, २०२५ मध्ये आयपॅड ए१६, एअर एम३, मिनी ए१७ प्रो (हा मिनीच आहे, प्रो चिपच्या नावात आहे, बघा म्हणजे), प्रो एम५. पुढचेही असेच असतील असं मला वाटतं, आकडे परत आणायचं कंपनीच्या मनात दिसत नाही. तुम्ही दुकानात पिढी बोलूच नका, चिप आणि इंच बोला, "ए१६, अकरा इंची, १२८ जीबी". आणि बिल करायच्या आधी खोक्यावरचा ए अक्षरानं सुरू होणारा मॉडेल नंबर बघून घ्या, नावापेक्षा तो खरा. वापरलेला घेत असाल तर सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात अबाउट, तिथं मॉडेल नंबरवर एकदा टॅप केलं की तोच ए-नंबर दिसतो.

प्रश्न: माझ्याकडे मुलानं २०१२ साली दिलेला आयपॅड आहे. स्क्रीन आजही काचेसारखी स्वच्छ, अक्षर सुरेख दिसतं. पण कुठलंच ॲप चढत नाही, बँकेचं तर नाहीच. नातू म्हणतो आजोबा, फेकून द्या. फेकू का?
– एक आजोबा, डोंबिवली

उत्तर: आजोबा, फेकू बिकू नका. तुमच्याकडे आहे तो वर सांगितला तोच "नवा आयपॅड" दिसतोय, आणि अक्षर सुरेख दिसतं ही तुमची समजूत नाही, त्याचे २६४ पीपीआय आजच्या लाखभर रुपयांच्या आयपॅड प्रोएवढेच आहेत. स्क्रीन नाही म्हातारी झाली, आतलं म्हातारं झालंय. एक जीबी रॅम, आणि आयओएस ९ च्या पुढं तो जातच नाही, आजची ॲप्स त्याच्यापेक्षा नवीन सिस्टिम मागतात.

खरं सांगायचं तर त्या स्क्रीनपायी बाकीच्या यंत्राला पहिल्या दिवसापासून ओझं झालं होतं. पिक्सेल बारीक केले की प्रत्येक पिक्सेलमधली वायरिंग आणि ट्रान्झिस्टर तेवढेच जागा खातात, उजेड जायला फट कमी उरते, मग मागचा बॅकलाइट वाढवावा लागतो, मग बॅटरी मोठी लागते. आयपॅड २ ची बॅटरी २५ वॉट-अवर होती, तुमच्याची ४२.५ केली. म्हणून तुमचा आयपॅड त्याच्या आधीच्यापेक्षा जाड आहे, ८.८ चा ९.४ मिलिमीटर झाला, आणि पन्नासेक ग्रॅमनं वजनदारही. चौपट पिक्सेल रंगवायला ग्राफिक्सची ताकद वाढवली तर तो हाताला गरम लागायला लागला, तेव्हा त्यावर केवढी ओरड झाली होती.

बँकेचं काम त्यावर करायचंच नाही, ब्राउझरमधूनही नाही, सुरक्षेचे अपडेट केव्हाच बंद झालेत. पण पीडीएफ वाचायला, घरच्या फोटोंना, आत आधीच भरलेल्या गाण्यांना तो अजून उत्तम आहे. फक्त ती जुनी रुंद पिनची चार्जिंग केबल जपा.

प्रश्न: मुलगी दहावीला. "एचडी डिस्प्ले" लिहिलेला १०.१ इंची टॅब दहा हजाराच्या आत मिळाला म्हणून घेतला. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये उघडली तर इंग्रजीचं पुस्तक बरं दिसतं पण मराठी आणि संस्कृत वाचताना तिचे डोळे दुखतात. टॅब खराब आहे का? बदलून मागू?
– आई, चिपळूण

उत्तर: टॅब खराब नाही, "एचडी" ह्या शब्दानं घात केलाय. एचडी म्हणजे बहुतेक वेळा १२८० बाय ८००. हे पिक्सेल पाच इंची फोनवर असते तर झकास दिसले असते, १०.१ इंचावर पसरले की विरळ होतात. स्वतः काढून बघा, मुलीला सांगा, पायथागोरसच आहे. १२८० चा वर्ग अधिक ८०० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ आलं साधारण १५०९, त्याला कर्णानं म्हणजे १०.१ नं भागा, झाले १४९ पीपीआय. खोक्यावर एचडी, फुल एचडी, २के काहीही लिहिलेलं असो, हा एक भागाकार केला की खरं काय ते कळतं.

आता मराठीलाच त्रास का होतो? इंग्रजीचा ए किंवा एन बघा, तीन-चार रेघांचं काम. आपलं अक्षर तेवढ्याच उंचीत वर शिरोरेषा, तिच्याही वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, ऋकार आणि मध्ये जोडाक्षर असं सगळं कोंबतं. तीन मिलिमीटर उंचीचं अक्षर घ्या. १४९ पीपीआयला एका मिलिमीटरमध्ये सहाच्या आसपास पिक्सेल बसतात, म्हणजे अख्ख्या अक्षराला सतरा-अठरा, आणि अनुस्वाराच्या टिंबाला दोन. दोन पिक्सेलचं टिंब गोल होत नाही, राखाडी डाग होतो. "घ" आणि "ध" मधला फरक काय तर डावीकडे वरची रेघ जोडलेली की तुटलेली आणि तिथली बारीकशी गाठ, "भ" आणि "म" चं तसंच, ती फट दीड-दोन पिक्सेलची असली की स्क्रीन ती धूसर करून टाकते आणि डोळा अंदाजानं वाचतो. "कर्तृत्व" सारखा शब्द आला, रफार वर, ऋकार खाली, मध्ये जोडाक्षर, की विचारू नका. संस्कृतमध्ये तर असे शब्द ओळीला चार. २६४ पीपीआयला त्याच अक्षराला तीसेक पिक्सेल मिळतात आणि सगळं सुटं दिसतं. म्हणून मी नेहमी म्हणतो, शार्प स्क्रीनची गरज इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा देवनागरी वाचणाऱ्याला जास्त आहे, आणि स्वस्त टॅब घेताना नेमकं हेच कुणी बघत नाही.

जाता जाता एक. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत सरकारनं विद्यार्थ्यांसाठी "आकाश" टॅबलेट आणला होता, आठवतोय? सात इंची, ८०० बाय ४८०. करा भागाकार, १३३ पीपीआय. पहिल्या आयपॅडचे १३२! कागदावर आकाश एकानं पुढं. प्रत्यक्षात त्याचा टच दाबून दाबून चालवावा लागायचा आणि प्रोसेसर रडायचा, तेव्हा नुसता पीपीआय बघून पण चालत नाही हेही खरं.

बदलून देत असतील तर अवश्य मागा, आणि घेताना १९२० बाय १२०० च्या खाली जाऊ नका. ११ इंचाला ते २०६ पीपीआय होतात, सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए९ प्लस ह्यातलाच, हातभर अंतरावरून वाचायला पुरेसे. त्याच घरातला छोटा ए९ मात्र ८.७ इंचात १३४० बाय ८००, म्हणजे १७९, नावात नुसता एक प्लस कमी पण वाचताना फरक पडतो. बदलून नाहीच दिला तर टॅब आडवा धरायला सांगा, पान रुंदीभर बसतं, अक्षर मोठं होतं, स्क्रोल जास्त करावं लागेल पण डोळे वाचतील.

आणि अजून एक बघून घ्या, वाइडवाइन (सिनेमांची चोरटी कॉपी रोखणारी सिस्टिम) एल१ दर्जाची आहे का. एल३ असेल तर स्क्रीन कितीही चांगली असली तरी नेटफ्लिक्स वगैरे एचडी देतच नाहीत, ४८० वर अडकतात. दहावीच्या वर्षात ते अडकलेलंच बरं म्हणा.

प्रश्न: जुन्या मराठी ग्रंथांचे स्कॅन वाचतो. महागातला टॅबलेट घेऊनही पानं धूसरच. पैसे पाण्यात?
– ग्रंथवेडा, वाई

उत्तर: पाण्यात नाही, पण चूक स्क्रीनची नसून स्कॅनची आहे. पुष्कळ जुन्या पुस्तकांचे स्कॅन कमी रिझोल्युशनला केलेत आणि वर फाइल लहान व्हावी म्हणून दाबलेत, त्यात जे उरलंच नाही ते कुठलीही स्क्रीन परत आणू शकत नाही. उलट चांगली स्क्रीन ती घाण जास्त स्पष्ट दाखवते. पान दोन बोटांनी मोठं करून बघा. अक्षराच्या कडा चौकोनी किंवा डागाळलेल्या दिसल्या तर फाइलच तशी आहे, दुसरीकडे त्याच पुस्तकाचा मोठ्या साइजचा स्कॅन मिळतो का शोधा, ८ एमबी आणि ८० एमबी अशा दोन फाइली असतील तर डोळे झाकून ८० वाली. आणि पिवळं पडलेलं पान असेल तर वाचायच्या ॲपमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवून बघा, त्यानं पिक्सेल वाढत नाहीत पण शाई कागदापासून वेगळी होते.

प्रश्न: सॅमसंगचा टॅब एस१० प्लस आहे, एस१० कुठाय? आणि एस११ आहे तर एस११ प्लस कुठाय?
– मोजदाद करणारा, कोल्हापूर

उत्तर: नाहीयेत! एस९ च्या वेळी साधा, प्लस आणि अल्ट्रा असे तिघं होते. २०२४ मध्ये एस१० च्या वेळी साधा गाळला, प्लस आणि अल्ट्रा ठेवले. सप्टेंबर २०२५ मध्ये एस११ च्या वेळी प्लस गाळला, साधा आणि अल्ट्रा ठेवले. पुढच्या वेळी कोण गळणार त्यावर पैज लावायची तर माझ्याकडून चहा. शार्पनेसचं विचाराल तर ११ इंची एस११ चे २७४ पीपीआय आणि १४.६ इंची अल्ट्राचे २३९, म्हणजे जास्त महागाचा कमी दाट, पण तो एवढा मोठाय की लांबच धरावा लागतो त्यामुळं कळत नाही.

प्रश्न: माझा आयपॅड आयपॅडओएस १८ वर होता, अपडेट केला तर एकदम २६. मधले सात गेले कुठे? माझे अपडेट चुकले का?
– घाबरलेली, ठाणे

उत्तर: काही चुकलं नाही. जून २०२५ मध्ये ॲपलनं सगळ्या सिस्टिमना येणाऱ्या वर्षाचा आकडा द्यायचं ठरवलं, फोन, आयपॅड, घड्याळ, मॅक, सगळे एकदम २६ झाले. एकोणीस ते पंचवीस कधी निघालेच नाहीत. ही एक पद्धत मला मनापासून आवडली, आता तीच अक्कल आयपॅडच्या नावांना लावतील तर बरं.

प्रश्न: ह्या लीकवाल्या बातम्यांवर किती विश्वास ठेवायचा? प्रत्येक जण छातीठोकपणे सांगत असतो.
– संशयी, पुणे

उत्तर: बातमी आली कुठून ते बघा, छाती कुणी ठोकली ते नको. सुटा भाग कारखान्यातून बाहेर आला असेल तर भरवसा ठेवा. फेब्रुवारी २०१२ मध्ये मॅकरूमर्स ह्या ॲपलच्या बातम्या देणाऱ्या साइटच्या हाती पुढच्या आयपॅडची म्हणून एक स्क्रीन लागली, त्यांनी ती मायक्रोस्कोपखाली आयपॅड २ च्या स्क्रीनशेजारी धरली, एका जुन्या पिक्सेलच्या जागेत चार नवे दिसले, आणि महिन्याच्या आत ते शब्दशः खरं निघालं. त्याच सुमारास कार्यक्रमाचं आमंत्रण आलं, त्यातल्या फोटोत आयपॅडवर बोट होतं पण होम बटण दिसत नव्हतं, लगेच चर्चा की बटण गेलं. बटण कुठंही गेलं नव्हतं, फोटोच्या बाहेर होतं. साध्या आयपॅडवरून ते जायला २०२२ उजाडलं.

म्हणजे वस्तू हातात घेऊन मोजलेलं एक आणि चित्रं बघून लावलेलं दुसरं. कव्हर बनवणाऱ्यांकडून आलेली मापं साधारण बरोबर असतात, कारण त्यांना साचे आधी पाडावे लागतात, पण त्यातून लांबी-रुंदी कळते, स्क्रीन कशी ते नाही. आपल्याकडे बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) नोंदणीत नवीन मॉडेल नंबर दिसला की लगेच "भारतात लवकरच" अशा बातम्या सुरू होतात, त्यातून एवढंच समजायचं की कंपनी तो इथं विकायच्या तयारीत आहे, किंमत आणि पीपीआय त्या नोंदीत नसतात, ते बातमी देणाऱ्यानं पदरचं घातलेलं असतं. आणि नावाच्या अफवेवर तर शून्य विश्वास. स्क्रीनला महिनोन् महिने आधी कारखाना लागतो, शेकडो माणसांच्या हातून ती जाते, नाव मात्र शेवटी खोक्यावर छापायचं तेवढंच, चार माणसांच्या खोलीत ठरतं. २०१२ लाच बघा ना, स्क्रीनची अफवा खरी निघाली आणि नावाच्या दोन्ही अफवा खोट्या.

प्रश्न: मग थांबून कधीच काही फायदा होत नाही असं तुमचं म्हणणं आहे का? मला साधा आयपॅड घ्यायचाय, घाई नाही.
– बचत करणारी, पणजी

उत्तर: नाही नाही, होतो, पण शार्पनेसचा होत नाही, दुसऱ्याच गोष्टीचा होतो. साध्या आयपॅडचंच उदाहरण घ्या. दहाव्या पिढीचा ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्याकडे ४४,९०० ला आला, ६४ जीबी. मे २०२४ पर्यंत तोच ३४,९०० वर उतरला होता. मग मार्च २०२५ ला ए१६वाला आला तो त्याच ३४,९०० ला पण १२८ जीबी. ज्यांनी धीर धरला त्यांचे दहा हजार वाचले आणि जागा दुप्पट मिळाली, स्क्रीन मात्र दोन्हींची सारखी, २३६० बाय १६४०, तेच २६४.

एक मात्र दुकानात जाऊन स्वतः बघा. साध्या आयपॅडमध्ये वरची काच आणि खालची स्क्रीन ह्यांच्यात बारीक फट असते, मिनी आणि एअरमध्ये दोन्ही एकत्र चिकटवलेल्या असतात. साध्यावर प्रतिबिंबाविरुद्धचा थरही नसतो. पीपीआय सारखे असूनही साध्यावर अक्षर काचेच्या जरा खाली आहे असं वाटतं, आणि खिडकीशेजारी किंवा व्हरांड्यात बसलं की चमक जास्त मारते. पेन्सिलनं लिहिताना टोक आणि रेघ ह्यांच्यात किंचित अंतर जाणवतं. पुढच्या साध्या आयपॅडमध्ये ही फट भरली तर ते थांबल्याचं खरं चीज होईल. तोवर दोन्ही शेजारी ठेवून, ब्राइटनेस पूर्ण करून, मराठी मजकूर उघडून तिरकं धरून बघा. दुकानातला डेमो फोटो फुलांचा असतो, फुलं सगळ्यांवर छानच दिसतात.